मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर पुन्हा पुन्हा अडकतो: कानस उचलण्याआधी काय तपासायचं

लक्षण असं असतं. पहिल्या भरणीचे सहा बार नीट जातात. दुसऱ्या-तिसऱ्या भरणीत ट्रिगर जड लागायला लागतो, सिलिंडर अर्ध्यात थांबतो, अंगठ्याने रेटला की पुढे सरकतो. घरी साफसफाई केली की पुढच्या खेपेला सुरुवातीला ठीक चालतो आणि मग पुन्हा तेच. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९ किंवा ६२९, रुगरचं रेडहॉक, सुपर ब्लॅकहॉक, अशी वापरलेली मोठ्या फ्रेमची रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे.

बहुतेक वेळा दोष हत्याराच्या मुख्य भागांत नसतो. स्टारखालची घाण (स्टार म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणारी ताऱ्याच्या आकाराची चकती), सैल झालेला रॉड (तीच चकती ढकलणारा दांडा) किंवा काडतुसं, या तिघांपैकी एक निघतं आणि तिन्हींची दुरुस्ती जवळजवळ फुकट आहे. खरं नुकसान होतं ते घासल्याच्या खुणा दिसताच नळीच्या मागच्या तोंडावर किंवा हँडवर (सिलिंडर फिरवणाऱ्या कळीवर) कानस फिरवली जाते तेव्हा. काढलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा: जे परत जागेवर आणता येतं ते आधी, जे आणता येत नाही ते सगळ्यात शेवटी आणि तेही गनस्मिथच्या हातून.

मापांसाठी एक खुलासा. खाली ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे ०.०२५ मिमी. ही मापं घ्यायला साधं फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचा संच, पुरतं.

भरलेला असताना अडकला तर

नळी लक्ष्याकडेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा आणि आधीचा बार कसा गेला ते आठवा. आवाज दबका होता, धक्का कमी लागला, तर तिथेच थांबा. दारू कमी पडलेल्या किंवा मुळीच नसलेल्या काडतुसात फक्त प्रायमरच्या (बुडातल्या पेटवणाऱ्या टोपीच्या) जोरावर गोळी थोडी पुढे जाते आणि अर्धी सिलिंडरमध्ये, अर्धी नळीत अडकते. अशा वेळी सिलिंडर फिरतही नाही आणि उघडतही नाही. जोर लावून फिरवला आणि मागून पुढचं काडतूस सुटलं, तर नळी फुटते. सिलिंडर उघडत नसेल तर बाकीच्या चेंबरमध्ये जिवंत काडतुसं आहेत हे धरूनच चाला, रेंज अधिकाऱ्याला बोलवा आणि काम गनस्मिथकडे द्या. घरी नेऊन नळीत गज घालून ठोकाठोक करण्याची ही गोष्ट नाही.

ट्रिगर दाबला, हॅमर पडला पण बार झाला नाही, तर किमान ३० सेकंद नळी लक्ष्याकडे धरून थांबा. प्रायमर उशिराने पेटू शकतो.

आता यापुढची सगळी तपासणी रिकाम्या हत्यारावर; अपवाद फक्त रेंजवर रॉड घट्ट करण्याचा, तो खाली येतो. सिलिंडर उघडा, सहाही चेंबर डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा, आणि काडतुसं त्या टेबलावर ठेवूच नका.

कधी अडकतो, हे आधी ठरवा

‘अडकतो’ एवढ्याने काही कळत नाही. रिकामा असतानाही जड फिरत असेल तर कारण यंत्रात आहे. रिकामा हलका फिरतो पण काडतुसं भरली की घासतो, तर काडतुसांच्या बुडाशी जागा कमी पडते आहे: स्टारखाली कचरा आहे, प्रायमर वर आला आहे किंवा चेंबरच्या कडेला घाण साठली आहे. भरल्यावर ठीक, पण चार-पाच बारांनंतर अडकतो, तर गोळी पुढे सरकते आहे, प्रायमर मागे येतो आहे किंवा सिलिंडरचं तोंड नळीला टेकतं आहे. फिरतो पण उघडत नाही, तर रॉड बघा. दर वेळी एकाच चेंबरला अडकतो, तर त्या चेंबरला मार्करने खूण करा. दोष स्टारच्या त्या दात्यात, त्या खाचेत किंवा वाकलेल्या रॉडमध्ये असतो.

स्टारखालची दारू

पहिला संशय नेहमी हाच. .४४ मॅग्नमला हॉजडन एच-११०, विंचेस्टर २९६ किंवा अलायंट २४०० यांसारखी सावकाश जळणारी दारू भरपूर वापरली जाते. गोळीवरची पकड कमी असेल तर तिचे दाणे पुरते जळत नाहीत. पुंगळ्या काढताना नळी आडवी किंवा खाली झुकलेली असली की हे दाणे स्टार आणि सिलिंडर यांच्यामधल्या खाचेत पडतात. मग स्टार बसताना दोन-तीन थाऊ वर राहतो. तेवढं पुरेसं असतं: काडतुसांची बुडं मागच्या प्लेटला घासतात आणि दात्यांवरही ताण येतो.

उपाय दोन मिनिटांचा. रॉड पूर्ण दाबून धरा, स्टारची खालची बाजू आणि तिची बैठक कोरड्या नायलॉन ब्रशने झाडा, मग कापडाने पुसा. तिथे तेल घालू नका. तेलावर दाणे चिकटतात आणि पुढच्या वेळी आणखी जाड थर बसतो. पुंगळ्या काढताना नळी सरळ आकाशाकडे करा आणि रॉडला तळहाताने एकच ठाम दणका द्या. हळूहळू दाबल्याने पुंगळी स्टारच्या खाली घसरून अडकते, तो वेगळाच ताप.

स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनी एच-११० चं प्रमाण ‘जरा हलकं’ करून बघू नये. या दारूला दाब लागतो. हॉजडनची सूचना आहे की पुस्तकातल्या प्रमाणापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका. फार कमी केली तर न जळलेले दाणे वाढतातच, शिवाय गोळी नळीत अडकून राहण्याची शक्यता तयार होते. हलके बार हवे असतील तर दारूच बदला.

रॉड सैल होणं

स्मिथ अँड वेसनमध्ये रॉडचं पुढचं टोक नळीखालच्या लॉकिंग बोल्टवर बसतं. रॉडचे आटे सैल झाले की रॉड लांब होतो, बोल्टवर दाब देतो, सिलिंडर जड फिरतो आणि अंगठ्याची कळ पुढे दाबली तरी बोल्ट पूर्ण पुढे सरत नाही. परिणाम: सिलिंडर उघडतच नाही. मॅग्नमच्या धक्क्याने हे हमखास होतं आणि माणसं त्याला टायमिंगचा (चेंबर वेळेवर नळीसमोर येण्याचा) दोष समजतात.

रेंजवर असा अडकला आणि आधीचा बार नीट गेला असेल, तर नळी लक्ष्याकडे ठेवून, सिलिंडर एका हाताने स्थिर धरून, रॉडचं टोक चिमटीत पकडून घट्ट होण्याच्या दिशेने फिरवा. अर्धा-पाऊण फेरा आत गेला की सहसा उघडतो. दिशा मात्र नीट लक्षात घ्या. १९६० च्या सुमारास कंपनीने रॉडचे आटे उलटे, म्हणजे डावे केले. मॉडेल २९-१ आणि त्यानंतरच्या हत्यारांत रॉडच्या टोकाकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की घट्ट होतो. त्याआधीच्या जुन्या हत्यारांत सरळ आटे आहेत. खात्री नसेल तर हलकं फिरवून रॉड आत जातो की बाहेर येतो ते बघा. जोर लावून दिशा शोधू नका.

घरी कायमची दुरुस्ती अशी. सहाही चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या घाला, म्हणजे स्टार वळणार नाही आणि त्याच्या बारीक पिनांवर किंवा चावीवर भार येणार नाही. ही पायरी गाळली की नवा स्टार बसवायची पाळी येते. रॉड काढा, आटे अल्कोहोल किंवा ॲसिटोनने तेलमुक्त करा, निळ्या लॉकटाइट २४२ चा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावा, आणि चामडं गुंडाळून पक्कडने किंवा ड्रिलच्या चकमध्ये धरून घट्ट करा. थेंब मोठा झाला तर तो आतल्या सेंटर पिनपर्यंत जातो आणि पिनच चिकटते. लाल लॉकटाइट नको. पुन्हा जोडल्यावर सिलिंडर उघडा ठेवून फिरवा आणि रॉडच्या टोकाकडे बघा. टोक गोल गोल डोलत असेल तर रॉड वाकला आहे. ‘एकाच चेंबरला अडकतो’ या तक्रारीचं ते एक नेहमीचं कारण.

रुगरच्या रेडहॉक आणि सुपर रेडहॉकमध्ये पुढचं कुलूप क्रेनवरच (सिलिंडर ज्यावर बाहेर उघडतो त्या भागावर, स्मिथमध्ये त्यालाच योक म्हणतात) आहे, रॉडच्या टोकावर नाही, त्यामुळे हा दोष तिथे या रूपात दिसत नाही. सुपर ब्लॅकहॉकमध्ये त्याचा चुलतभाऊ भेटतो: धक्क्याने बेस पिन (ज्यावर सिलिंडर फिरतो तो आस) पुढे सरकते आणि सिलिंडर जाम होतो. पिन पुढे आली आहे का, हे दर भरणीनंतर बघा. येत असेल तर बेस पिनच्या कळीची स्प्रिंग जास्त ताठ घाला. तेवढ्याने थांबलं नाही तर आडवा स्क्रू असलेली जाड डोक्याची पिन मिळते, ती धक्क्यात हलत नाही.

काडतुसांचा दोष

चौथ्या-पाचव्या बाराला अडकतो आणि रिकाम्या हत्यारात काहीच सापडत नाही, अशा वेळी कॅलिपर घ्या. शेवटच्या काडतुसाची लांबी मोजून लिहून ठेवा, बाकीची पाच उडवा, तेच सहावं काढून पुन्हा मोजा. पाच धक्के खाऊन गोळी पुढे सरकली असेल तर आकडा वाढलेला दिसेल. .४४ मॅग्नमची कमाल लांबी १.६१० इंच, म्हणजे ४०.९ मिमी. दोन-तीन थाऊंचा फरक मोजण्यातही येतो. पण गोळीवरच्या खाचेतून पुंगळीची कडा सुटलेली दिसत असेल किंवा गोळीचं नाक सिलिंडरच्या तोंडाच्या जवळ आलं असेल, तर निदान झालं. हत्यार जितकं हलकं आणि गोळी जितकी जड, तितकं हे लवकर होतं. २४० ग्रेन वजनाच्या गोळीला जे बरोबर चालतं ते ३०० ग्रेनच्या गोळीला अडकू शकतं.

इथे सगळे क्रिंप (पुंगळीच्या तोंडाची गोळीवर आत वळवलेली कडा) आणखी घट्ट करतात आणि तेवढ्याने भागत नाही. गोळी मुख्यतः पुंगळीच्या भिंतीच्या ताणाने धरली जाते. काडतूस भरताना पुंगळीचं तोंड रुंद करणाऱ्या एक्स्पँडरचा दांडा जाड असेल तर तो ताणच जातो. .४२९ किंवा .४३० इंचाच्या गोळीला दांडा दोन-तीन थाऊ बारीक हवा, आणि त्यावर गोळीच्या खाचेत वळवलेला नीट रोल क्रिंप. कारखान्याची काडतुसं असतील तर दुसऱ्या बनावटीची घेऊन बघा.

वर आलेले प्रायमर शोधायला पट्टी पुंगळीच्या बुडावर उभी धरा. पट्टी डुलली तर प्रायमर वर आहे. तो बुडापेक्षा तीन ते पाच थाऊ आत असायला हवा. उडालेल्या पुंगळीवर प्रायमरला फायरिंग पिनच्या खुणेभोवती उंच कडा आणि एका बाजूला ओढल्याची रेघ दिसत असेल, तर प्रायमर पिनच्या भोकात शिरतो आहे आणि सिलिंडरला धरून ठेवतो आहे. याची मुख्य कारणं दोन: दाब जास्त आहे किंवा भोक झिजून मोठं झालं आहे. आधी काडतुसं बदला. सौम्य कारखानी काडतुसांनीही तीच खूण आली तर गनस्मिथ.

.४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल वापरणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. स्पेशलची पुंगळी १.१६० इंच, मॅग्नमची १.२८५. या आठवा भाग इंचाच्या फरकात चेंबरमध्ये काजळीचं कडं बसतं. मग मॅग्नमची काडतुसं पूर्ण आत बसत नाहीत, मागे थोडी उरतात आणि सिलिंडर घासतो. .४५ कॅलिबरचा ब्राँझ ब्रश चेंबरमध्ये फिरवा. कडं जुनं असेल तर तोंड किंचित फाकवलेली रिकामी मॅग्नम पुंगळी हाताने आत दाबून फिरवा, ती खरवडून काढते. .३५७ मध्ये .३८ स्पेशल उडवतानाही हेच होतं.

फट आणि पुढे-मागे खेळ

कानस लागते ती इथे. सिलिंडरच्या तोंडावर चकचकीत वर्तुळ दिसतं, ‘नळीला घासतंय’ म्हणून नळीचं तोंड घासलं जातं. ते करण्याआधी दोन मापं घ्या.

हॅमर खाली, सिलिंडर बंद. सिलिंडर मागे रेटून धरा आणि नळी व सिलिंडरमधल्या फटीत किती जाडीची पट्टी जाते ते बघा. मग पुढे रेटून तेच करा. पट्टी घुसवताना सिलिंडर पुन्हा मागे जातो, म्हणून पुढे रेटलेला हात सोडू नका. पहिलं माप ही खरी फट. दोन मापांतला फरक हा खेळ. सहाही चेंबरला मोजा.

फट चार ते आठ थाऊ असली की काम चांगलं चालतं. तीनच्या खाली गेली तर गरम झाल्यावर काजळी आणि शिशाने घासायला लागतं. दहाच्या वर गेली तर बाजूने गरम कण उडायला लागतात. खेळ एक-दोन थाऊ ठीक, तीन-चारच्या पुढे दुरुस्ती हवी.

समजा मागे रेटून सहा आणि पुढे रेटून एक थाऊ आलं. म्हणजे फट बरोबर आहे, खेळ पाच आहे. घासण्याचं कारण खेळ आहे, नळी नव्हे. नळीवरून चार थाऊ काढले तर घासणं थांबेल, पण मागची फट दहावर जाईल, खेळ तसाच राहील आणि दर बाराला सिलिंडर पुढे-मागे आपटून तो वाढत जाईल. इथे लागतात दोन थाऊ जाडीचे वॉशर. योकच्या नळीचं टोक सिलिंडरमध्ये जिथे टेकतं तिथे ते बसतात आणि सिलिंडरला पुढे यायला अटकाव करतात. एक घाला, मोजा, लागला तर दुसरा. तिसऱ्याची गरज पडत असेल तर योक ताणून दुरुस्त करणं बरं, ते काम गनस्मिथचं. योक काढायला बाजूच्या प्लेटचा फक्त पुढचा स्क्रू काढावा लागतो. तो स्क्रू खुणेने वेगळा ठेवा. मागच्या स्क्रूशी त्याची अदलाबदल झाली की योक एकतर जड हलतो किंवा सैल पडतो, आणि जुन्या हत्यारात हीच अदलाबदल आधीच कोणीतरी करून ठेवलेली असू शकते.

शिशाच्या गोळ्या वापरत असाल तर मापं घेण्याआधी सिलिंडरचं तोंड आणि नळीचं मागचं तोंड साफ करा. शिशाचा थर दोन थाऊ सहज खातो. पॉलिशचं शिसं काढणारं कापड निळ्या फिनिशवर फिरवू नका, रंग जातो. तिथे ब्राँझ ब्रश आणि द्रावण.

जो जाम वाटतो पण नसतो

ट्रिगर परत येत नाही म्हणून सिलिंडर अडकल्यासारखा भासतो. वापरलेल्या हत्यारात ट्रिगर हलका करायला कोणीतरी रिबाउंड स्प्रिंग (ट्रिगर परत पुढे ढकलणारी) कापलेली असते. नवी मूळ ताकदीची स्प्रिंग घाला. रेडहॉकमध्ये हॅमर आणि ट्रिगर दोन्ही एकाच स्प्रिंगवर चालतात, तिथे हलकी स्प्रिंग दोन्हीकडून त्रास देते. स्मिथमध्ये मुठीच्या पुढच्या बाजूचा स्ट्रेन स्क्रू पूर्ण आवळलेला असावा. त्याने ट्रिगर हलका करण्याची युक्ती जुनी आहे आणि तिचं फळ म्हणजे न फुटणारे प्रायमर.

मॉडेल २९ च्या जुन्या आवृत्त्यांत जोरदार काडतुसांनी सिलिंडर सुटून उलटा फिरतो आणि उडालेली पुंगळी पुन्हा हॅमरखाली येते. ‘टक’ आवाज येतो, बार होत नाही. हा सिलिंडर स्टॉपचा (सिलिंडरच्या खाचेत पडून त्याला जागी धरणाऱ्या कळीचा) प्रश्न आहे. १९९० च्या आसपास कंपनीने खाचा लांब करून तो सोडवला. जुन्या हत्यारात स्टॉपची स्प्रिंग नवी घाला आणि मध्यम ताकदीची काडतुसं वापरा.

टायमिंग तपासायला रिकामं हत्यार घ्या, सिलिंडरला अंगठ्याने हलकी अडवणूक ठेवा आणि हॅमर सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे जाण्याआधी स्टॉप खाचेत पडल्याचा आवाज आला पाहिजे, सहाही चेंबरला. एक-दोन चेंबर मागे राहत असतील तर हँड किंवा स्टारचा दाता झिजला आहे. रुंद हँड बसवून ते सुधारतं. झटका देऊन सिलिंडर बंद करायच्या सवयीने योक वाकतो, मग बंद करताना शेवटी बोटाने दाबावं लागतं. ती खूण दिसली तर आधी योक सरळ करून घ्या, टायमिंग नंतर.

घेताना

विकणाऱ्याची परवानगी घेऊन हीच मापं पैसे देण्याआधी घ्या. खिशात फीलर गेज, छोटी बॅटरी आणि सहा डमी काडतुसं पुरतात. डमी भरून सिलिंडर हाताने फिरवा. रिकामा असताना आणि डमी भरून, यांतला फरक तिथेच कळतो. स्क्रूंच्या खाचा बघा: चिंबलेल्या असतील तर आत हात गेलेला आहे. हॅमर पूर्ण मागे ओढून, डमी भरलेले ठेवून, अंगठ्याने हॅमर पुढे रेटा. तो पडला तर सिअर (हॅमरला मागे धरून ठेवणारी कडा) कोणीतरी घासलेला आहे, हत्यार तिथेच परत द्या. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, नळी आणि सिलिंडरमधल्या फटीच्या वर, आगीने कोरलेली बारीक रेघ दिसते, ती काही खोलीनंतर थांबते, तिची फार धास्ती नको. नळीच्या मागच्या तोंडाला चीर मात्र चालणार नाही.

मागे रेटून फट दहा थाऊंच्या वर असेल तर वॉशरने काही होत नाही, नळी मागे घ्यावी लागते. तो खर्च किमतीतून वजा होत नसेल तर ते हत्यार सोडा. खाचांच्या कडा फुगलेल्या आणि स्टार झिजलेला असं दोन्ही एकत्र दिसलं तरी तेच. परवाना, हस्तांतर आणि कोणते भाग घरी उघडता येतात, हे आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे आधी बघून घ्या.

दुरुस्ती झाल्यावर एका वेळी एकच बदल करून रेंजवर जा. रॉड घट्ट केला, काडतुसं बदलली आणि वॉशरही घातला, तर कशाने सुधारलं ते कळत नाही आणि दोष परतला की पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. आधी ज्या काडतुसांनी अडकत होता तीच घ्या, मधे साफ न करता तीन-चार भरण्या उडवा, आणि प्रत्येक भरणीनंतर सिलिंडर थंड होऊ न देता फट पुन्हा मोजा, अर्थात रिकामा करून.